टेम्पोनं काय केलं होतं?

मुलांनो, तुमच्या शाळेच्या वाटेवर काय काय लागतं? कुणाच्या वाटेवर ओढा असेल, कुणाच्या वाटेवर मारुतीचं देऊळ, कुणाच्या वाटेवर भेळेची गाडी. आमच्या शाळेच्या वाटेवर पोलीस ठाणं लागतं. ठाण्याला तारेचं कुंपण आहे आणि कुंपणाच्या आत पकडून आणलेल्या गाड्यांची लांबच लांब रांग. काही गाड्या तिथं इतकी वर्षं उभ्या आहेत, की त्यांच्या चाकांमधून रुईची झाडं वर आली आहेत. एका जुन्या जीपच्या फुटक्या दिव्यात साळुंक्यांनी घरटं केलंय. माझ्या वर्गातली मुलं मला त्याची रोजची बातमी देतात. यंदा तीन पिल्लं झाली, बरं का!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आषाढातली अमावास्या जवळ आली होती. तिला दिव्याची अवस म्हणतात. त्या दिवशी घरोघरी दिवे घासूनपुसून पुजतात. पण काही लोकांनी तिचं नाव 'गटारी' करून टाकलंय आणि त्या निमित्तानं ते भरपूर दारू पितात. म्हणून त्या दिवसांत आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री पोलीस जागोजागी नाकाबंदी लावतात. तर त्या आठवड्यातल्या सोमवारी मुलं शाळेत आली ती धावतच. "बाई, बाई, ठाण्यात निळा टेम्पो आलाय! मागं 'आईचा आशीर्वाद' लिहिलेला!"

तो टेम्पो कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या घरचा. ते मूल मुलगा की मुलगी, कुठल्या बाकावर बसतं, हे मी तुम्हांला सांगणार नाही. एवढंच सांगते, की बाकीचे ओरडत होते तेव्हा ते वहीत खाली मान घालून पेन्सिलीनं एकाच जागी गिरवत बसलं होतं. कागद फाटेपर्यंत.

मी सगळ्यांना गप्प केलं आणि पाढे म्हणायला लावले. (शिक्षकांना काही सुचलं नाही की ते पाढे म्हणायला लावतात, हे गुपित आहे. कुणाला सांगू नका!) पण तेराचा पाढा संपतो न संपतो तोच दुसऱ्या बाकावरून एक हात वर झाला.

"बाई, दारू तर माणसानं प्यायली. मग टेम्पोला का धरून ठेवलं? टेम्पोनं काय केलं होतं?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं. आणि मग लक्षात आलं, की याचं उत्तर आपल्याला येत नाही. डी.एड.ला असताना आमच्या एक मॅडम सांगायच्या, उत्तर येत नसेल तर 'उद्या सांगते' म्हणावं, आणि उद्या खरंच सांगावं. मी "उद्या सांगते" म्हटलं आणि शाळा सुटल्यावर सरळ त्या कुंपणाच्या फाटकातून आत गेले.

ठाण्यात ओळखीचे हवालदार होते. मी म्हटलं, "चौथीचा एक प्रश्न घेऊन आलेय." प्रश्न ऐकून तेही हसले. मग म्हणाले, "टेम्पोला कुणी अटक केली नाही, बाई. चालवणारा चालवायच्या अवस्थेत नव्हता. शेजारी दुसरा कुणी लायसनवाला नव्हता. गाडी काय रस्त्यात सोडून द्यायची? म्हणून आणून ठेवली. कागद घेऊन कुणी शुद्धीतलं माणूस आलं की देऊ." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बाई, ही त्यांची दुसरी खेप आहे."

दुसरी खेप! टेम्पोवाल्याच्या बाबतीत हा शब्द मला जरा विचित्रच वाटला. पण पुढचं सगळं या दोन शब्दांवर अवलंबून आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

आता आधी हे पाहू, की पोलिसांना कळतं कसं. पूर्वी म्हणे तोंडाचा वास घ्यायचे, सरळ रेषेत चालायला लावायचे. आता हातात मावेल एवढं एक यंत्र असतं, ब्रेथ ॲनालायझर. त्याच्या नळीत जोरात फुंकायचं. माणूस दारू पितो तेव्हा तिच्यातलं अल्कोहोल पोटातून रक्तात जातं. रक्त फिरत फिरत फुप्फुसांत येतं आणि तिथं थोडं अल्कोहोल वाफ होऊन श्वासात मिसळतं. ढोबळ हिशेब असा, की २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल सापडेल तेवढं १ मिलिलिटर रक्तात असतं. म्हणजे सुई न टोचता रक्तातलं कळलं! अशा यंत्राचा एक नामांकित नमुना अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी १९५४ साली बनवला. हे गृहस्थ आधी तिथल्या पोलीस खात्यातच होते. आजच्या पुष्कळ यंत्रांत प्लॅटिनमचा लेप दिलेली छोटीशी चकती असते. श्वासातल्या अल्कोहोलची तिच्यावर रासायनिक क्रिया होऊन बारीकशी वीज तयार होते. जेवढं अल्कोहोल, तेवढी वीज, तेवढा आकडा.

म्हणून बडीशेप खाल्ली, पान खाल्लं, वेलदोडा चघळला, तरी यंत्र फसत नाही. ते वास मोजतच नाही. आणि लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची अंघोळ यांनी 'उतरते' असं म्हणतात, तेही खरं नाही. यकृत आपल्या चालीनंच अल्कोहोल मोडतं. त्याला घाई करता येत नाही. वेळ जावा लागतो, बस्स.

आपल्या देशात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. साधारण एक कप रक्तात चिमूटभर मिठाच्या दहाव्या भागाएवढं! त्याच्या वर गेलं की गुन्हा. 'मी तर व्यवस्थित चालवत होतो' हे उत्तर चालत नाही.

"एवढ्याशानं काय होतंय?" असं तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, तर त्यांना आम्ही केलेलं गणित दाखवा. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाते? ६०,००० भागिले ३,६००. उत्तर, जवळजवळ १७ मीटर. आता समोर अचानक म्हैस आली. शुद्धीतल्या माणसालाही पाय ब्रेकवर न्यायला थोडा वेळ लागतोच. पण दारूमुळं त्यात समजा आणखी फक्त अर्ध्या सेकंदाची भर पडली, तर गाडी सव्वाआठ मीटर जास्त पुढं जाईल. आम्ही शाळेच्या पटांगणात सुतळीनं सव्वाआठ मीटर मोजलं. झेंड्याच्या खांबापासून निघालो आणि पाण्याच्या टाकीला जाऊन टेकलो. मध्ये चौथीची सगळी मुलं एका रांगेत उभी राहिली. सगळी मावली. मग कुणी हसलं नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या १८५ व्या कलमात दारू पिऊन गाडी चालवण्याची शिक्षा आहे, आणि ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिल्या वेळचा दंड पूर्वी फार तर २,००० रुपये आणि दुसऱ्या वेळचा ३,००० होता. १ सप्टेंबर २०१९ पासून तो १०,००० आणि १५,००० झाला. हा दंड रस्त्यात पावती फाडून मिटत नाही. कोर्टात न्यायाधीशांपुढं उभं राहावं लागतं. आणि नळीत फुंकायलाच नकार दिला तर? कारण नसताना दिलेला तो नकारच त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून धरता येतो.

दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लायसन. २०१९ च्याच सुधारणेनं असं ठरलं, की पोलिसांनी लायसन ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडं पाठवायचं. तिथं त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेतात. ते पटलं नाही तर पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी लायसन बंद होतं. दुसऱ्या वेळी ते रद्दच होतं. असं रद्द झालेल्यांची नावं जाहीर करण्याचीही त्यात सोय आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, यात टेम्पो कुठं आला?

तेच तर! हवालदारकाका म्हणाले ते बरोबर होतं. आपल्या कायद्यात पोलिसांनी चालकाला अटक केली तर गाडीची तात्पुरती व्यवस्था करायची, एवढंच म्हटलंय. दारूच्या गुन्ह्यासाठी गाडी अमुक दिवस डांबून ठेवा, असं त्यात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या तेलंगणाच्या उच्च न्यायालयापुढं हाच प्रश्न आला होता. पोलीस आमच्या गाड्या अडकवून ठेवतात, अशी तक्रार घेऊन बरेच लोक गेले होते. न्यायालयानं सांगितलं, की प्यायलेल्या माणसाला गाडी चालवू द्यायची नाही हे खरंच. पण सोबत न प्यायलेला लायसनवाला असेल तर त्याच्या हाती गाडी द्या. नसेल तर नातेवाइकाला बोलवा. कुणीच आलं नाही तर ठाण्यात सुरक्षित ठेवा आणि मालक कागद घेऊन आला की परत करा. म्हणजे दुसऱ्या बाकावरच्या आमच्या वकीलसाहेबांचा मुद्दा उच्च न्यायालयातही गाजला होता! दुसऱ्या दिवशी हे सांगितलं तेव्हा त्यांची कॉलर ताठ झाली.

पण मला एवढ्यावर समाधान वाटेना. मनात यायचं, लायसन म्हणजे काय? एक कार्ड. ते काढून घेतलं तरी हात, पाय, चावी आणि गाडी जागच्या जागीच राहतात. ज्याला दोनदा पकडूनही कळलं नाही, तो लायसन नाही म्हणून तिसऱ्यांदा थांबेल का? मग शोधत बसले, की जगात दुसरीकडं काय करतात. आणि सापडली एका चार वर्षांच्या मुलीची गोष्ट.

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथं मे २००८ मध्ये अलेक्सा नावाची एक छोटी मुलगी आपल्या मावशी-आत्यांच्या वयाच्या एका नातलग बाईंबरोबर रस्त्याच्या कडेला उभी राहून घोड्याला खाऊ भरवत होती. दारू प्यायलेल्या चालकाची गाडी येऊन आदळली आणि अलेक्सा गेली. तिच्या आईवडिलांनी त्यानंतर कायदा कडक व्हावा म्हणून जिवाचं रान केलं. २० सप्टेंबर २०१० पासून तिथं नवा नियम आला. त्या वेळी सरकारनं शब्द दिला, की २०१३ सालच्या अखेरीपर्यंत दारूमुळं रस्त्यावर होणारे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी करू.

हा नियम कसा आहे पाहा. पोलिसांच्या यंत्रावर आकड्याऐवजी चक्क शब्द उमटतात. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमपासून पुढं 'इशारा' आणि ८० पासून पुढं 'नापास'! इशारा पहिल्यांदा मिळाला तर तीन दिवस गाडी चालवायला बंदी आणि २०० डॉलर दंड. पाच वर्षांत दुसऱ्यांदा मिळाला तर सात दिवस आणि ३०० डॉलर. तिसऱ्यांदा मिळाला तर तीस दिवस आणि ४०० डॉलर. नापास झाला तर एकदम नव्वद दिवस आणि ५०० डॉलर. आणि गाडी? पहिल्या इशाऱ्याला तीन दिवस आणि दुसऱ्याला सात दिवस पोलीस ती अडकवून ठेवू शकतात. तिसऱ्या इशाऱ्याला किंवा नापास झाल्यास तीस दिवस अडकवायचीच. ओढून नेण्याचं भाडं आणि ठेवण्याचं भाडंही गाडीवाल्यानंच भरायचं. सगळं तिथल्या तिथं, रस्त्याच्या कडेला.

पहिल्या वर्षाचा हिशेब तिथल्या सरकारनं मांडला. आधीच्या पाच वर्षांत दारूमुळं रस्त्यावर दर वर्षी सरासरी ११३ माणसं मरत होती. त्या एका वर्षात ६८ मेली. ४५ माणसं वाचली, म्हणजे आपल्या शाळेतला एक मोठा वर्ग.

तिथंही सगळं सुरळीत झालं असं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये एका न्यायाधीशांनी विचारलं, यंत्र चुकलं तर? माणसाला दाद मागायची संधी कुठं आहे? नियमाचा 'नापास' वाला भाग अन्यायाचा आहे, असा त्यांनी निकाल दिला. मग जून २०१२ मध्ये नियम सुधारला. आता पोलिसानं सांगावं लागतं, की 'तुम्हांला दुसऱ्या यंत्रावर पुन्हा फुंकायचा हक्क आहे', आणि दोन्हींत जो निकाल कमी असेल तोच धरावा लागतो. मला हे फार आवडलं. कडक असायचं तर आधी चोख असावं लागतं.

गाडी अडकवल्यानं माणूस सुधारतो का, याचाही कुणीतरी हिशेब केलाय. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९९५ पासून लायसन बंद झालेला किंवा लायसन नसलेला माणूस चालवताना सापडला, की त्याची गाडी तीस दिवस अडकवता येऊ लागली. त्यात दारूमुळं लायसन गेलेलेही पुष्कळ होते. तिथल्या वाहन खात्यानं अशा माणसांची तुलना केली, ज्यांच्या गाड्या अडकवल्या ते आणि तसेच पण ज्यांच्या गाड्या अडकवल्या नव्हत्या ते. पहिल्यांदा सापडलेल्यांत पुढच्या वर्षभरात अपघात सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाले. आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्यांत? सुमारे ३८ टक्क्यांनी! म्हणजे जो जास्त निर्ढावलेला, त्यालाच कुलपाचा गुण जास्त आला. आहे की नाही गंमत?

हे सगळं मी वर्गात सांगितलं, तेव्हा मुलं एकदम न्यायाधीश झाली. "बाई, आपल्याकडंपण तीस दिवस ठेवा!" "साठ दिवस ठेवा!" "चाकं काढून घ्या!" मी त्या खाली मान घातलेल्या मुलाकडं पाहिलं आणि माझंच मला चुकल्यासारखं झालं.

कारण मुलांनो, टेम्पो कुंपणात उभा होता ते दिवस त्या घरात काय चाललं होतं, हे मला माहीत होतं. त्या टेम्पोतून मंगळवारच्या बाजाराला अख्ख्या वाडीचा भाजीपाला जायचा. त्या मंगळवारी मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या अंगणातच पिवळ्या पडल्या. शेजाऱ्यांनी दुसरा टेम्पो लावला. आर.सी. बुक एका ट्रंकेत, विम्याचे कागद दुसरीकडं, आणि लायसनवाले काका पुण्याला. ते रजा काढून येईपर्यंत अकरा दिवस गेले. दारू एकानं प्यायली आणि अकरा दिवस सगळं घर कुंपणात उभं राहिलं. मग ही शिक्षा कुणाला झाली?

न्यूझीलंडच्या कायद्यात मला याचं थोडंफार उत्तर सापडलं. तिथं बंदी घातलेला माणूस चालवताना सापडला, तर १९९९ सालापासून गाडी २८ दिवस अडकवतात. आणि चार वर्षांच्या आत असा गंभीर गुन्हा दुसऱ्यांदा झाला, तर कोर्टानं गाडी कायमची जप्त करावी, असा २००२ च्या शिक्षेच्या कायद्यात नियम आहे. पण त्यातच एक खिडकीही ठेवलीय. जप्तीमुळं दुसऱ्या कुणावर अवाजवी संकट येणार असेल, तर न्यायाधीश थांबू शकतात. म्हणजे त्यांना घरातली माणसं दिसतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला गाडी घरी द्यावी. पण ज्याला एकदा समजावून झालं, दंड झाला, आणि तरी जो पुन्हा पिऊन बसला, त्याची गाडी महिनाभर कुलपात गेली तर माझी हरकत नाही. अलेक्साच्या घरी कुणी खिडकी ठेवली होती? मात्र त्या गाडीवर ज्यांचं पोट आहे त्यांना जाऊन बोलायला एक जागा हवी, आणि तिथं त्यांचं खरोखर ऐकलं जायला हवं. हे माझं मत हं. शेजारच्या वर्गाच्या सरांचं मत अगदी उलटं आहे. मधल्या सुट्टीत आमचं जोरदार भांडण झालं आणि चहा गार झाला.

आता मी माझीच एक चूक सांगते. पालकांनो, ही तुमच्यासाठीही आहे.

मी नोकरीला नवीन लागले तेव्हा रोज वडापनं येत-जात असे. एका संध्याकाळी जीपमध्ये बसले, तर चालकाच्या तोंडाला भपकन वास. जीपमध्ये आम्ही तेराजण होतो. मी शेजारच्या आजींकडं पाहिलं, त्यांनी समोरच्या दादांकडं पाहिलं, दादांनी बाहेर पाहिलं. सगळ्यांना कळलं होतं. कुणी बोललं नाही. मला वाटलं, मी नवी, मी कशाला बोलू? उतरले तर पुढची गाडी कधी मिळेल? घाटाखालच्या वळणावर जीप रस्ता सोडून उसात शिरली. ऊस होता म्हणून वाचलो. आजींचा हात मोडला. नंतर लोकांकडून समजलं, की तो चालक आधीही एकदा पकडला गेला होता. त्याचं वळण चुकलं ते चुकलंच, पण तेराजणांची तोंडं बंद होती, त्यातलं एक माझं होतं.

वर्तमानपत्रात अशा लोकांना 'तळीराम' म्हणतात. हे नाव राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातलं. बातमी वाचून आपल्याला हसू येतं. पण त्या नाटकात प्याल्यापायी एका घराचं काय होतं, ते मोठे झाल्यावर वाचा.

आपल्या कायद्याचं १८८ वं कलम फार कुणाला ठाऊक नसतं. दारू पिऊन गाडी चालवायला जो प्रोत्साहन देतो, त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. "अरे, काही होत नाही, घे चावी" म्हणून खांद्यावर थाप मारणारे मित्र असतात ना, त्यांनी हे वाचावं.

आणि मुलांनो, तुम्ही काय करायचं? लग्नातून, जत्रेतून घरी निघताना चालवणाऱ्या मोठ्या माणसानं प्यायलीय असं वाटलं, तर त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका. ते तुमचं काम नाही. पण गाडीतही बसू नका. पोट दुखतंय म्हणा, ओकारी येतेय म्हणा, आत्याकडं राहायचंय म्हणून रडा. या कामासाठी खोटं बोललेलं मी माफ केलं! मग आई, आजी, काका, बाई, ओळखीचे दुकानदार, जे कुणी शुद्धीत असेल त्यांना सांगा. कुणीच नसेल आणि धोका दिसत असेल तर ११२ नंबर फिरवा. आपल्याच माणसाविरुद्ध बोलतोय असं वाटून पोटात कालवेल. माझ्याही पोटात कालवलं होतं, म्हणून तर मी गप्प बसले. आणि ज्यांच्या घरची गाडी पकडली गेली असेल, त्यांनी एक ऐका. पेन्सिलीनं कागद फाडू नका. ती गाडी तुम्ही चालवत नव्हता.

निळा टेम्पो अकराव्या दिवशी बाहेर आला. पुण्याचे काका आले होते, त्यांनी तो घरी नेला. आता तेच महिन्यातले काही दिवस येऊन चालवतात, बाकीच्या वेळी वाडीतला एक दादा चालवतो. कोर्टात पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. परवा मधल्या सुट्टीत ते मूल आपणहून माझ्या टेबलाशी आलं. साळुंकीचं तिसरं पिल्लू उडालं, असं सांगायला आलं होतं. सांगून झालं तरी तिथंच रेंगाळत राहिलं. मग म्हणालं, "बाई, टेम्पोची चावी आता आजीच्या बटव्यात असते. बाबांनीच दिली. आजी रात्री बटवा उशाला घेऊन झोपते."